आमच्या गावची नाव, १:२४ : लाकूड जमलं, पाणी जमेना

तापीकाठचा | ११ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. लांबला आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळचा शिरपूर तालुक्यातला, नोकरीमुळे जळगावात. आजोळ तापीच्या पल्याड. सावळद्याचा पूल होताच, पण आमच्या गावाहून तो उलट्या दिशेला पडायचा. त्यामुळे आजोळी जायचं म्हणजे नावेनं. लाकडी, डांबर फासलेली, बांबूनं रेटायची नाव. माणसं, शेळ्या, सायकली, दुधाच्या किटल्या सगळं एकाच फेरीत. पुढे कधीतरी ती काठावर उपडी पडली, आणि एका पुरानंतर तिथंही दिसली नाही. घरात तिचा एकच फोटो आहे, मामाच्या लग्नाचं वऱ्हाड उतरतानाचा, त्यातही अर्धी नाव मामीच्या मामांनी झाकलेली.

तर त्या नावेचं छोटं मॉडेल करायला घेतलं. मामाच्या आठवणीनुसार लांबी २४ फूट, मधली रुंदी ६ फूट. म्हणून प्रमाण १:२४ घेतलं. फुटाला अर्धा इंच, म्हणजे मॉडेल बरोबर एक फुटाचं. हिशेब सोपा, गणित कच्चं असणाऱ्यांनी हेच घ्यावं. साडेपाच फुटी माणूस ७ सेंटिमीटरचा होतो, चेहऱ्यावर मिशी काढता येते.

आतल्या फासळ्या सनबोर्डच्या (फोमच्या कडक पाटीच्या) कापल्या. फळ्यांसाठी कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या. खरी फळी इंचभर जाड धरली तर मॉडेलमध्ये १ मिमी हवी, आणि या काड्या साधारण तेवढ्याच पातळ असतात. आईस्क्रीमच्या काड्या घेऊ नका, त्या जाड पडतात आणि नाव बालवाडीच्या प्रदर्शनातली दिसते. काड्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवल्या की वाकतात.

जुनाटपणासाठी मात्र रंगाला हात लावला नाही. आधी काड्यांना चहाचा कडक काढा पाजला. मग व्हिनेगरमध्ये गंजके खिळे चार दिवस बुडवून केलेलं पाणी वरून फिरवलं. चहातलं टॅनिन आणि लोखंड भेटले की लाकूड डोळ्यांदेखत राखाडी-काळं होतं, अगदी दहा पावसाळे खाल्लेलं. हे भांड्यांच्या स्टीलच्या घासणीनं होत नाही, साधं गंजणारं लोखंडच लागतं. डांबरासाठी काळ्यात थोडा तपकिरी मिसळला. निव्वळ काळा कधी वापरू नये, उन्हात डांबर करडं पडतं. काठाच्या ज्या फळीवर सगळे हात टेकून चढायचे तिथलं डांबर घासून खालचं लाकूड उघडं केलं आणि बोटानं चोळून गुळगुळीत केलं.

दोरी केळीच्या सोपटाची! रावेरहून मित्रानं खोडाचा धागा आणून दिला. तीन तंतू पीळ देऊन एकत्र केले की त्या प्रमाणात दोरखंड तयार. दुकानातला कुठलाही दोरा इतका खरा दिसत नाही, कारण त्याचे केस उभे राहतात ते चुकीच्या मापाचे असतात.

इथवर सगळं झकास. आता रडगाणं.

मे महिन्यात पाणी ओतलं. यूट्यूबवर एक गोरा गृहस्थ भलंमोठं भांडं भरून रेझिन (हार्डनर मिसळला की घट्ट होणारं पारदर्शक रसायन) कालवतो, एका धारेत ओततो, दुसऱ्या दिवशी काचेसारखं पाणी. मीही तेच केलं. ४० बाय २५ सेंटिमीटरचा तळ, थर्माकोलचा काठ, २ सेंटिमीटर खोली, म्हणजे सव्वादोन किलो माल. दुपारी दोनची वेळ, खोलीत ४१ अंश. पंधरा मिनिटांत भांड्याला हात लावता येईना, विसाव्या मिनिटाला ओतलेल्या पाण्यातून वाफ. बायको म्हणाली, "तापी उकळते आहे." सकाळी पाहतो तर पिवळंजर्द, मधोमध तडा, आणि थर्माकोलचा काठ आत ओढला जाऊन पोकळ.

नाव वाचली, कारण ती अजून बाहेरच होती. देवाची कृपा.

परवा पहाटे दुसरा प्रयत्न केला, ७ मिमीचा एकच थर. हा फुटला नाही. वर घट्ट पारदर्शक जेलनं लाटा काढल्या, नावेमागे छान पांढरा फेस काढला, तळाला पाणरेषेवर पांढरे शिंपल्यांचे ठिपके दिले. फोटो खाली आहेत. पण काहीतरी खोटं दिसतं आहे. नाव खरी वाटते, पाणी खोटं. काय चुकलं ते सांगा. झोडपायला हरकत नाही.

भुसावळ_यार्ड | ११ जून, रात्री ११:०५

भारी शे भो! पहिल्याच धाग्यात सिक्सर. वाचनखूण साठवली.

ती मधली सायकल कशाची केली? आणि शेळी चक्क शेपूट हलवते आहे असं वाटतं.

पळसफूल | ११ जून, रात्री ११:३२

सुंदर. केळीच्या धाग्याची युक्ती उचलली आहे, बाहुलीघराच्या झोपाळ्याला वापरणार. पाण्याबद्दल जाणकार बोलतीलच, पण मला पहिल्या नजरेत लाटा मोठ्या वाटल्या. तापीला एवढ्या लाटा येतात का हो? माझं माहेर प्रकाशाचं. गोमाई-तापीच्या संगमावर बालपण गेलं. वारा सुटला तरी पाण्यावर सुरकुत्या पडतात, डोंगर नाही उभे राहत.

खलबत्ता | १२ जून, सकाळी ७:१५

तापीकाठचे, तुमचा मे महिन्यातला अपघात वाचून हसलो आणि मग वाईट वाटलं, कारण माझा स्वतःचा एक स्टूल असाच जळाला आहे. पंधरा वर्षं रंग आणि रेझिनच्या धंद्यात आहे, जरा सविस्तर लिहितो.

इपॉक्सी रेझिन वाळत नाही, ते घट्ट होतं. रेझिन आणि हार्डनर यांची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून उष्णता निघते. उष्णतेनं क्रिया आणखी वेगानं होते, त्यातून आणखी उष्णता. हे चक्र एकदा सुटलं की थांबत नाही. ढोबळमानानं तापमान १० अंशांनी वाढलं की हातात मिळणारा वेळ निम्मा होतो. बाटलीवर ४० मिनिटं लिहिलं असेल तर ते २५ अंशांना. आपल्याकडे मेमधे ४१ अंशांत तुम्हाला १३-१४ मिनिटं मिळाली असती, आणि तुम्ही त्यातली निम्मी बायकोशी बोलण्यात घालवलीत.

दुसरी गोष्ट, ढीग. तेच रेझिन खोल भांड्यात असलं तर तापतं, पसरट ताटात असलं तर उष्णता निघून जाते. म्हणून कालवून झालं की लगेच ओता, भांड्यात ठेवू नका. आणि एका वेळी ३ ते ५ मिमीपेक्षा जाड थर नको. जाड थरासाठी वेगळं, सावकाश जमणारं रेझिन मिळतं, पण तेही आपल्या उन्हाळ्यात पहाटे चारलाच ओतावं.

थर्माकोलबद्दल एक गैरसमज नेहमी वाचतो. इपॉक्सी थर्माकोल विरघळवत नाही. तुमचा काठ उष्णतेनं आकसला. पॉलिस्टर रेझिन, ते फायबरच्या टाक्यांवाल्यांकडे मिळणारं उग्र वासाचं, ते मात्र थर्माकोल खाऊन टाकतं, कारण त्यात स्टायरीन असतं. शिवाय ते जमताना आकसतं, कडेला फट पडते. स्वस्त म्हणून त्याच्या नादी लागू नका.

प्रमाण. रेझिन-हार्डनरचं 'दोनास एक' हे मापाने की वजनाने ते बाटलीवर वाचा. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, म्हणून मापाचं प्रमाण वजनाला लावलं तर हार्डनर जास्त पडतो आणि वरचा थर कायम चिकट राहतो. जळगावात राहता ना? सराफाकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या. रेझिन सोन्याच्याच भावानं मोजायचं असतं.

आता पावसाळा तोंडावर आहे. दमट हवेत वरच्या थरावर तेलकट, दुधी साय धरते. ती साबणाच्या कोमट पाण्यानं पुसून, कोरडं करून मगच पुढचा थर.

आणि हो, हातमोजे. नायट्रिलचे. आज काही होत नाही म्हणून उघड्या हातानं काम करणाऱ्यांना दोन-तीन वर्षांनी अचानक पुरळ उठायला लागतं, आणि मग ते आयुष्यभर सोडत नाही. कालवायचं भांडं परत स्वयंपाकघरात नेऊ नये, हे सांगायची वेळ माझ्यावर आलेली आहे.

तापीकाठचा | १२ जून, सकाळी ९:५०

@खलबत्ता दंडवत! हे आधी कुणी सांगितलं असतं तर सव्वादोन किलो वाचले असते. वरचा थर थोडा चिकट आहे खरा. मी मापाचं प्रमाण वजनानं घेतलं होतं. चोरी पकडली.

@पळसफूल लाटा मोजल्या. सर्वांत उंच १० मिमी. गुणिले २४ म्हणजे २४ सेंटिमीटर. आमच्या गावच्या डोहात २४ सेंटिमीटरची लाट फक्त म्हैस उतरताना येते.

@भुसावळ_यार्ड सायकल तांब्याच्या तारेची, चाकं दंडगोल बाटलीवर गुंडाळून. आरे नाहीत, लांबून कळत नाही, कुणाला सांगू नका.

उगाचबोल | १२ जून, दुपारी १:२०

या खर्चात खरी सेकंडहँड होडी आली असती.

भुसावळ_यार्ड | १२ जून, दुपारी १:२४

@उगाचबोल ती तुम्ही टीपॉयवर ठेवणार का?

हडी_मालवण | १२ जून, दुपारी ३:४५

आमच्याकडून एक दुरुस्ती. तुम्ही पाणरेषेवर जे पांढरे ठिपके दिलेत ते बहुधा समुद्रातल्या बोटीच्या व्हिडिओवरून घेतले असावेत. ते कडक पांढरे शिंपले खाऱ्या पाण्यातले प्राणी. गोड्या पाण्याच्या नदीत नाहीत. नदीतल्या लाकडी नावेला काय लागतं? शेवाळाची हिरवी-काळी रेघ आणि चिखल. तेवढंच ठेवा.

बाकी काठाला हात घासून गुळगुळीत झालेलं लाकूड बघून मन भरलं. आमच्या होड्यांना वल्ह्याच्या जागी असंच होतं. लोक सगळीकडे सारखे गंज आणि चिखल फासतात, पण होडी म्हातारी होते ती माणसांच्या सवयींनी. कुठं धरतात, कुठं बसतात, कुठं जाळं ओढतात.

अवांतर: खिळ्यांभोवती नारिंगी गंज दिसतो आहे. खिळे लाकडात असले तर आधी काळे ओघळ येतात. तुम्ही चहा आणि खिळ्यांची जी गंमत केली, तीच निसर्ग करतो.

मास्तर_अमळनेर | १२ जून, रात्री ८:३०

निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक आहे, त्यामुळे फळा दिसला की राहवत नाही.

पाणी छोटं होत नाही. हे मॉडेलवाल्यांचं मूळ दुखणं आहे. लाकूड लहान करता येतं, माणूस लहान करता येतो, पण पाण्याचा थेंब तेवढाच राहतो. पाण्यावरची सुमारे १.७ सेंटिमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीची लहर मुख्यतः पृष्ठताणावर चालते, त्याहून लांब लहर गुरुत्वाकर्षणावर. दोघींचं रूप वेगळं. तुमच्या १:२४ मध्ये १.७ सेंटिमीटर म्हणजे खऱ्या नदीतले ४० सेंटिमीटर. म्हणून कुणी मेहरूण तलावात लहान बोट सोडून चित्रीकरण करतं तेव्हा ती खेळण्यासारखी दिसते. पाण्याचा पडदा चुकीच्या मापाचा असतो.

हलत्या बोटीचं चित्रीकरण करायचंच असेल तर विल्यम फ्रूडचा नियम आहे. या इंग्रज अभियंत्यानं १८७० च्या दशकात टॉर्की इथं लांब हौद बांधून जहाजांची मॉडेलं ओढून पाहिली. वेग प्रमाणाच्या वर्गमुळानं कमी करायचा. २४ चं वर्गमूळ ४.९, म्हणजे चित्रफीत साधारण पाचपट संथ दाखवायची. सिनेमावाले हेच करतात.

पण तुमचं पाणी गोठलेलं आहे, तुम्हाला ही अडचण नाही. तुम्ही पृष्ठताणाला फसवू शकता. जेलच्या लाटा टोकदार काढू नका, हाताला गोल लागल्या पाहिजेत.

आता फेसाचं. खोल, स्थिर पाण्यात चालणाऱ्या बोटीमागे जो व्ही उमटतो त्याचा अर्धकोन सुमारे १९.५ अंश असतो. बोट लहान असो वा मोठी, सावकाश असो वा वेगात, कोन तोच. लॉर्ड केल्व्हिननं १८८७ साली हे दाखवलं. बदकामागेही तोच. तुमच्या फोटोत मी कोनमापक लावून पाहिला, अर्धकोन ३५ च्या आसपास आहे. नापास.

तापीकाठचा | १२ जून, रात्री ९:१०

@मास्तर_अमळनेर सर, कोनमापक! स्क्रीनवर!!

@हडी_मालवण ठिपके आज रात्रीच खरवडतो. काळे ओघळ लक्षातच आले नव्हते, धन्यवाद.

शिस्टर_धडगाव | १३ जून, पहाटे ५:४०

मी आरोग्य खात्यात, अक्राणी भागात. नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांना जायला आमच्याकडे तरंगता दवाखाना आहे, बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मोठ्या बोटीवर. रोज पाणी बघते म्हणून लिहिते.

तुम्ही लोक पाण्याला निळा रंग देता, तो कुठून आणता? पाण्याला आपला रंग फार कमी असतो, ते आभाळाचा आणि काठाचा घेतं. पावसाळ्यात आमच्याकडे दुधाळ चहा असतो. थंडीत हिरवं. दुपारी वर आभाळ पांढरं असलं की पाणीही पांढरं, त्यात काही दिसत नाही.

आणि तापीकाठचे तुम्ही नदी करताय की धरणाचं पाणी, ते एकदा ठरवा. धरणाच्या पाण्याला काठ नसतो. सरदार सरोवर २०१९ साली पहिल्यांदा पूर्ण भरलं, १३८.६८ मीटर. पाणी उतरलं की डोंगराला आंघोळीच्या बादलीसारखा पट्टा दिसतो, खाली नुसती माती, वर झाडी. बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे पाण्यातून वर येतात. नावाडी त्यांच्यावर डोळा ठेवून बोट नेतो. वाहत्या नदीच्या काठाला मात्र गाळ, वाळू, लव्हाळं, पायवाट. तुमच्या फोटोत काठ धरणाचा आणि लाटा समुद्राच्या आहेत, नाव तेवढी तापीची.

आमच्या बार्जला टायर टांगलेले आहेत, त्यांचे काळे घासल्याचे पट्टे पांढऱ्या रंगावर गोल गोल पडलेत. कुणी लोखंडी बोट करणार असेल तर ते विसरू नका. गंजापेक्षा ते आधी दिसतं.

पळसफूल | १३ जून, सकाळी ८:०२

शिस्टर, तुमच्या प्रतिसादाला हजारदा +१. दुधाळ चहा! आमच्या लहानपणी प्रकाशाला भादव्यात पाण्यात हात घातला की बोटं दिसायची नाहीत.

खलबत्ता | १३ जून, सकाळी ९:३०

वरच्या प्रतिसादामुळे एक पैशाची गोष्ट सुचली. गढूळ पाणी करणार असाल तर खोल रेझिन लागतच नाही! वीतभर खाली काही दिसत नसेल तर १:२४ मध्ये ८-९ मिमीच्या खाली काही दाखवायचं नाही. तळ थेट रंगवा, मधे गडद, काठाकडे मातकट फिका, आणि वर ३ मिमीचे दोन थर. तुमच्या मापाच्या तळाला साडेसहाशे ग्रॅममध्ये काम होईल. रेझिनमध्ये रंग घालायचा तर मातीरंगाची पूड चिमूटभर, काडीच्या टोकावर येईल इतकीच. मी पहिल्यांदा चमचाभर घातली होती, बासुंदी झाली.

पाण्यातून वर येणारं सगळं, लव्हाळ्याची काडी, नावेचा तळ, आधी पातळ रेझिननं लेपून घ्या. लाकडातली हवा थरात बुडबुडे सोडते. आणि रेझिन कडेनं वर चढतं, नावेच्या अंगावर चकचकीत पट्टा उमटतो. पूर्ण घट्ट व्हायच्या आत ब्लेडनं कापलं तर निघतं. वर परात उपडी घाला, आपल्याकडची धूळ कुणाची वाट बघत नाही.

नवशिक्या_नंदू | १३ जून, दुपारी १२:१५

मला मॉडेल वगैरे काही येत नाही, घरी फक्त १:७०० ची एक जपानी युद्धनौका पडून आहे, काकांनी आणलेली. तिला तळच नाही, पाणरेषेपर्यंतच आहे. खराब पीस आहे का?

मास्तर_अमळनेर | १३ जून, दुपारी १२:४०

@नवशिक्या_नंदू खराब नाही, तशीच असते. पाण्यात ठेवलेली दाखवायची म्हणून पाणरेषेखालचा भाग दिलेलाच नसतो. जपानी कंपन्यांनी १९७१ पासून ही मालिका चालवली आहे. १:७०० मध्ये १ मीटर लाट म्हणजे दीड मिमीसुद्धा नाही. टॉयलेट पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून चिमटीनं सुरकुत्या पाडा, रंगवा, चकचकीत वॉर्निश मारा. रेझिनच्या भानगडीत पडू नका.

भोईवाडा | १४ जून, रात्री ११:५०

उशिरा आलो. काय लिहावं की नको असं दोन दिवस चाललं होतं.

मन्हा आजा बी हाईच काम करे. म्हणजे नाव चालवायचा, तापीवरच, तुमच्या गावापासून वरच्या अंगाला. आता ८४ वर्षांचा आहे, नजर चांगली आहे. काल तुमचे फोटो त्याला मोबाईलवर मोठे करून दाखवले.

पहिलं वाक्य: "इतला फेस? हाई नाव शे का आगगाडी?"

मग तो तासभर बोलला. जमेल तसं मराठीत लिहितो.

बांबूनं रेटलेल्या नावेमागे पांढरा फेस येत नाही. ती चालते माणसाच्या चालीनं. बांबू काढताना जिथून काढला तिथं एक भोवरा फिरतो, तो नावेबरोबर येत नाही, मागे राहतो. नाव कुठून गेली ते त्या भोवऱ्यांच्या ओळीवरून कळतं.

दुसरं. तुम्ही नाव धारेला आडवी, सरळ पलीकडच्या धक्क्याकडे तोंड करून ठेवली आहे. तशी कुणी नेत नाही. आधी काठाकाठानं दोरीनं वर ओढत न्यायची, शंभर-दीडशे पावलं. मग तोंड वरच्या अंगाला तिरकं ठेवून सोडायची. रेटता रेटता ती खाली वाहत येते आणि बरोबर धक्क्याला लागते. तोंड सरळ ठेवलं तर धक्का वर राहतो आणि माणसं बाभळीत उतरतात.

तिसरं. नाव धारेबरोबर नुसती वाहत असेल तेव्हा तिच्याभोवती पाणी अगदी शांत असतं. तिचा आणि पाण्याचा वेग एकच. पण तीच नाव खुंटीला बांधली की धार तिच्या नाकावर आपटते, दोन्ही बाजूंनी पाणी फुटतं, मागे शेपूट तयार होतं. तो म्हणाला, तुझ्या मित्रानं बांधलेल्या नावेचं पाणी चालत्या नावेला लावलं आहे.

एक गोष्ट मला पण माहीत नव्हती. वाहत्या पाण्यावर व्ही दिसला आणि त्याचं टोक वरच्या अंगाला असलं तर खाली दगड किंवा बुंधा आहे. टोक खालच्या अंगाला असलं तर दोन अडथळ्यांमधली वाट मोकळी आहे. तो म्हणे रात्रीच्या फेरीला हे डोळ्यांनी नाही, आवाजानं ओळखायचा.

मास्तर_अमळनेर | १५ जून, सकाळी ६:२०

आजोबांना माझा नमस्कार सांगा. तिसरा मुद्दा मी लिहायला हवा होता. लाटा उठतात त्या नावेच्या पाण्याशी असलेल्या सापेक्ष वेगानं, काठाशी असलेल्या नव्हे. हे मी तीस वर्षं आगगाडी आणि फलाटाचं उदाहरण देऊन शिकवलं, नदी दोन मैलांवर असताना. आणि माझा १९.५ अंशांचा कोनसुद्धा इथं गैरलागू, फेसच नसेल तर कोन कशाचा मोजणार. कोनमापक मागे घेतो.

भुसावळ_यार्ड | १५ जून, सकाळी ७:००

भांडणं होऊन धाग्याचं काश्मीर होईल वाटलं होतं, इथे तर संगम झाला.

तापीकाठचा | १५ जून, रात्री १०:१५

@भोईवाडा दोनदा वाचलं, मग मामाला फोन लावून वाचून दाखवलं. मामा म्हणाला, "हो, वर ओढत न्यायचे, आम्हा पोरांना दोरी धरायला लावायचे." इतके दिवस माप विचारत होतो, हे विचारलंच नाही.

सगळं पाणी काढतो. नाव तळापासून सुटी होते (बुडाला पॅकिंगची टेप लावली होती, तिला रेझिन धरत नाही, हीच एक अक्कल पहिल्यापासून होती).

तापीकाठचा | २३ ऑगस्ट, रात्री ९:३०

धागा वर काढतोय, क्षमस्व. मधे पावसानं काम थांबलं होतं.

नवा तळ केला. भाद्रपदातली तापी, शिस्टरांचा दुधाळ चहा. खलबत्ता यांच्या हिशेबानं ३ मिमीचे दोन थर, दोन्ही रात्री एअर कूलर बंद ठेवून (तो दमट हवा फेकतो, हे पहिल्या थरावर साय धरल्यावर कळलं). काठ वाहत्या नदीचा: शेतातला गाळ चाळून, वर झाडूच्या काड्यांचं लव्हाळं. नाव तिरकी, तोंड वरच्या अंगाला. लाटा नाहीत, नुसत्या सुरकुत्या, २ मिमीच्या आत. नावेमागे बांबूचे चार भोवरे, लांबचा पुसट होत गेलेला. हे जमायला सर्वांत वेळ लागला. जेलचा ठिपका टाकून सुईनं एकदाच फिरवायचा, दुसऱ्यांदा फिरवला की जिलबी होते.

काठाजवळ एका बुंध्यावर धार फुटते आहे, तिथं मात्र थोडा पांढरा दिला. टोक वरच्या अंगाला. त्याला वापरला आपला कापूस, बोंडातून काढलेला, दोन-चार तंतू जेलमध्ये ओले करून. दुकानातल्या गुळगुळीत कापसापेक्षा हा चांगला तुटतो.

फोटो चार आहेत. दुसरा जरा हलला आहे.

पळसफूल | २३ ऑगस्ट, रात्री ९:५५

दुसऱ्या फोटोत क्षणभर मला खरंच प्रकाशाचा घाट वाटला. हललाय म्हणूनच असेल.

हडी_मालवण | २३ ऑगस्ट, रात्री १०:२०

काळे ओघळ! झाले की बरोबर.

शिस्टर_धडगाव | २४ ऑगस्ट, सकाळी ६:०५

आता पाणी कुणीकडून कुणीकडे जातंय ते न सांगता कळतं. मागच्या फोटोत कळत नव्हतं.

भोईवाडा | २४ ऑगस्ट, रात्री ८:४५

आजाला दाखवले. बराच वेळ काही बोलला नाही. मग मोबाईल जवळ घेऊन म्हणाला, "लोकेस्ना पाय कोरडा कसा?"

म्हणजे असं: नाव अगदी काठाला लागत नाही, गाळात रुतते. गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन चढायचं. त्यामुळे नावेत प्रत्येकाचं धोतर, लुगडं खालून ओलं, गडद, आणि पिंढऱ्यांना चिखल. वऱ्हाड असलं तरी. तुमची माणसं इस्त्री करून बसली आहेत.

आणि नावेत पाणी कुठाय? फळ्यांमधून थोडं पाणी येणारच. मधल्या भागात चार बोटं पाणी कायम, आणि एक पोरगं डब्यानं ते उपसत असायचं. त्याच्याकडून भाडं घेत नसत.

तापीकाठचा | २४ ऑगस्ट, रात्री ९:०२

ते पोरगं मी असायचो.

डबा करायला घेतो. वीतभर उंचीचा धरला तर १:२४ मध्ये ८-९ मिमी. पत्रा औषधाच्या ट्यूबचा कापीन. @भोईवाडा, आजोबांना एक विचाराल? त्यांच्या नावेत डबा कसला होता, रॉकेलचा कापलेला की डालड्याचा?

भोईवाडा | २४ ऑगस्ट, रात्री ९:३१

डालड्याचा. पिवळा. झाडाचं चित्र निम्मं गेलेलं.